जावेची निळी नळी

१९५४ सालच्या दिवाळीनंतर अंबरनाथ पश्चिमेच्या एका दवाखान्यात माझ्या लघवीत साखर सापडली. त्याच सकाळी माझी थोरली जाऊ यमुनावैनी यांच्याही लघवीत सापडली. आजाराचे नाव डायबेटिस, म्हणजे मधुमेह. आम्ही दोघीही जाड होतो. मी अधिक.

डॉक्टरांनी दोघींना एकच आहार सांगितला. "रोज चौदाशे कॅलरी. जास्त नको, कमीही नको." कॅलरी म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या उष्णतेचे माप. शिवाय रोज एक अंडे, वाटीभर डाळ आणि ताक. ते प्रोटीनसाठी, वजन उतरताना अंगातले मांस झिजू नये म्हणून.

होळीपर्यंत साखर गेली नाही तर रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागणार होते. ते टोचणारे आमच्या जांभूळ गावात कोणी नव्हते. म्हणजे अंबरनाथला माझ्या आत्याकडे जाऊन राहायचे. माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिला माझ्याबरोबर पाठवणार नाही, असे सासूबाईंनी आधीच सांगून टाकले.

उल्हासनगरच्या बाजारातून लहान तराजू आणला. आम्हा दोघींचे तांदूळ आणि डाळ तोलून शिजू लागली. लघवीची तपासणीही घरीच होई. काचेच्या नळीत बेनेडिक्ट नावाचे निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी, या क्रमाने साखर वाढत जाते.

पौष संपण्याआधी वैनींची नळी निळी राहू लागली. माझी नारिंगीच.

"काय गो, परत नारिंगी?" वैनी म्हणाल्या. "गूल खातंस का चोरून?"

"तोललंय त्याच्यावर एक दाणा खात नाही मी."

"मंग माजी कशी निली? एकाच टोपातला खातो आपुन."

मलाही तेच कळत नव्हते. मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. नळीत त्या पाणी मिसळतात का, तेही पाहिले. मिसळत नव्हत्या. त्यांच्या चोळ्या सैल झाल्या. विहिरीवरच्या बायका त्यांना थांबवून काय करता म्हणून विचारीत. मला कोणी विचारीत नसे. संक्रांतीचे लाडू त्यांनी एकही न चाखता मुलांना वाटले. मला ते पाहवले नाही.

दवाखान्यात वजन झाले. डॉक्टर मला म्हणाले, "यांच्याकडून शिका जरा." परतीच्या वाटेवर मी वैनींना मागे टाकून भरभर चालले.

पुढच्या खेपेला वजनकाट्यावरून उतरताना वैनींना चक्कर आली. डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवले, पापणी खाली ओढून पाहिली आणि हिमोग्लोबिन तपासले. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग. तो बराच कमी होता. "सगळं खाता ना, सांगितलेलं?"

"खाते ना," वैनी म्हणाल्या.

"नाही खात," मी म्हणाले. "अंडं थोरल्या दिरांच्या ताटात सरकवतात. डाळ अर्धी ठेवतात. मी रोज बघते."

वैनी माझ्याकडे वळल्या. "नी तू सकाली तांब्याभर पेज पितंस, ती नाय सांगली डाक्टरला?"

"कसली पेज?" डॉक्टरांनी विचारले.

भाताची पेज आमच्या घरी सकाळी सगळेच पितात. तळाशी शिते असतात, वर मीठ. ती पाण्यात धरतात, जेवणात नाही. म्हणून आहार लिहून घेताना मी ती सांगितली नव्हती आणि तोललीही नव्हती. डॉक्टर म्हणाले, "ते तांदूळच आहेत, बाई. तुमची साखर तिथून येतेय." मग वैनींना म्हणाले, "आणि तुम्ही उपाशी राहून वजन उतरवताय. हे उतरणं नव्हे, झिजणं आहे."

हा आजार असलेल्यांनी पेज, ताक, चहा, जे काही घशाखाली जाते ते डॉक्टरांना सांगावे. सोबतचे माणूस ते अधिक नीट सांगू शकते.

बाहेरच्या बाकावर वैनींनी डोके भिंतीला टेकले.

"एवढं कशासाठी केलंत?" मी विचारले.

"तुज्या आदी उतरायचा होता मना. तू नवरी आयलीस तवा सगली म्हनत, धाकटी नाजूक नी थोरली म्हस. इसरले नाय मी."

"आता तर मीच जाड आहे."

"त्येच तर बगायचा होता."

दुसऱ्या दिवसापासून माझी पेज बंद झाली. वैनींनी अंडे माझ्यासमोर बसून खायचे, असे डॉक्टरांनी ठरवून दिले होते. त्या खाताना माझ्याकडे बघत नसत.

होळीच्या आधीच्या तपासणीत दोघींच्या नळ्या निळ्या राहिल्या. इंजेक्शन लागले नाही. मी घरीच राहिले. वैनींचे हिमोग्लोबिन वाढले होते. त्या दिवशी त्यांचे वजन माझ्यापेक्षा सहा पौंडांनी कमी भरले.