पान भरेपर्यंत दार बंद

आधी माफी मागतो. लेख लिहावा असं माझ्याकडे फारसं काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही आणि मायला अजूनही बसची पाटी मीच वाचून सांगतो. शाळा मराठी, पण सुरतेतली. घरात अहिराणी, कॉलेजात गुजराती, रस्त्यावर हिंदी. त्यामुळे माझं मराठी बरंचसं पुस्तकांतून उचललेलं आहे. ते कुठेतरी घसरेल आणि वाचणारे हसतील अशी मला भीती वाटते. हे वाक्य लिहितानाही वाटते आहे.

पण इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातले काका म्हणाले, "वार्षिक अंकासाठी काहीतरी दे."

मी म्हणालो, "काका, मला जमत नाही."

"मग जमत नाही त्याबद्दल लिही. बाकीच्यांना सगळंच जमतं, त्यांचे लेख आलेत."

म्हणून लिहितो आहे. खोलीचं दार सताड उघडं आहे. समोरच्या मावशी उंबऱ्यात बसून साडीचे लोंबते धागे कापतायत आणि मधूनमधून मान वर करून माझ्याकडे पाहतायत. मी ठीक आहे ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. त्याला कारण आहे.

वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. त्यांत मोठमोठ्या लेखकांच्या मुलाखती असतात. खरं सांगायचं तर मी त्यांच्या गोष्टी कमी वाचल्या आणि मुलाखती जास्त. गोष्ट वाचली की वाटायचं, हे आपल्याला या जन्मात येणार नाही. मुलाखत वाचली की वाटायचं, हा माणूसही सकाळी उठतो, चहा पितो, पेन शोधतो. लूमवर, म्हणजे मागावर, नवा माणूस आला की त्याला आधी तुटलेल्या धाग्याची गाठ मारायला शिकवतात, डिझाइन नंतर. लिहिण्याचीही अशी काही गाठ असेल आणि ती या लोकांनी कुठेतरी बोलता बोलता सांगून टाकली असेल, असं मला वाटायचं.

सांगितलंही होतं, पण प्रत्येकाने वेगळं. एकजण पहाटे अंघोळ करूनच कागदाला हात लावायचे. एकजण आधी दूरवर चालून यायचे आणि वाक्यं मनात घोळवून मगच लिहायचे. आणि एक फार नावाजलेले लेखक होते, त्यांचा नियम असा की रोज एकाच वेळी बसायचं, दार आतून लावायचं आणि एक पान भरेपर्यंत उठायचं नाही. घरच्यांनी हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. त्यांच्या घराला वेगळी लिहायची खोली होती आणि खिडकीबाहेर बाग होती, असंही त्या मुलाखतीत होतं. ते मी मनावर घेतलं नाही. नियम मात्र घेतला, कारण तो सगळ्यांत कडक होता. जे कडक असतं ते खरं असतं, असं आमच्याकडे मानतात.

माझे वडील, आबा, पांडेसरा भागातल्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, आहेत. त्यांना मी भीत भीत नियम सांगितला. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, "बराबर शे. आमनं बी तसंच. कापड मशीनमा गये का टाइम व्हस तोपावत झाकन उघाडानं नही. उघाडं का डाग पडस."

कापड रंगाच्या मशीनमध्ये गेलं की वेळ होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर डाग पडतात. मोठ्या लेखकाची आणि माझ्या बापाची अशी गाठ पडल्यावर मला फार धीर आला. मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी दार लावून बसू लागलो.

आता आमच्या चाळीचं सांगायला हवं. बमरोलीच्या बाजूला, एकाला एक लागून खोल्या. दिवसा इथे कोणी आतून कडी लावत नाही. पडदा ओढलेला असतो, दार लावलेलं नसतं. बाहेर जायचं तर कुलूप लावून जायचं, आत असलं तर दार उघडं. दिवसाउजेडी आतून कडी म्हणजे आत काहीतरी वाईट झालंय, असाच अर्थ निघतो. म्हणून पहिल्या दिवशीच मावशींनी मायला विचारलं होतं. मायने सांगितलं, "लिखस तो." मावशी म्हणाल्या, "लिखाले कडी काबरं लागस? कागद उडी जास का?" त्या दिवसापासून मी दिसलो की त्या पोरासोरांना म्हणायच्या, "गप बसा, लेखकसाहेब उना." उना म्हणजे आला.

पान रोज भरत होतं. पण काय भरत होतं ते सांगायला लाज वाटते. बाग. गुलमोहर. व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेला एक उदास माणूस. असा व्हरांडा मी कधी पाहिला नव्हता. चाळीत कोणाकडे आरामखुर्ची नव्हती, आणि उदास माणसंही उभ्यानेच उदास असायची.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, गणपती विसर्जनानंतर शहरात प्लेग आला. लोक मरतायत, एवढंच आधी कळलं. किती आणि कुठे, ते जो तो वेगळं सांगे. मग अख्खं शहर स्टेशनकडे निघालं. रिक्षा, टेम्पो, पायी, तोंडाला रुमाल बांधून. औषधाच्या दुकानांतल्या प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्या. गटारांच्या कडेने पांढरी पावडर पडली. माय आणि धाकटी बहीण मामाबरोबर ट्रकमधून साक्रीकडे गावी गेल्या. आबांच्या मिलमध्ये शेवटचा माल चढलेला होता. तो उतरवून दोन दिवसांत मागून येतो, असं आबांनी सांगितलं आणि मी त्यांच्या जेवणाखाण्यासाठी थांबलो. माय ट्रकच्या फळीवरून वाकून म्हणाली, "आबाकडे ध्यान ठेव." ट्रक दिसेनासा झाला आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आत्तापर्यंत माझ्याकडे कोणी कोणाला सोपवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा रात्रपाळी करून आले ते तापलेलेच. डोळे लाल, अंगात थंडी. म्हणाले, वाफेने झालंय, झोपलो की उतरेल. तापाची गोळी घेतली, मायची गोधडी डोक्यावरून ओढली आणि झोपून गेले. मी त्यांच्याजवळ बसलो. श्वास चालू आहे का ते बघत राहिलो. खोकतायत का, ऐकत राहिलो. खोकत नव्हते. पण प्लेगमध्ये आधी ताप येतो की आधी खोकला, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरला बोलवावं तर आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांनी शटर ओढलं होतं. कोणाला सांगावं तर लोक काय करतील याची भीती. काहीच सुचेना, तेव्हा मी रोज करायचो तेच केलं. कडी लावली आणि लिहायला बसलो.

पान अर्ध्याच्या खाली आलं तेव्हा मावशींची हाक आली.

"ए पोऱ्या! काबरं लायं रे दार?"

मी ओ दिली नाही. पान भरलं नव्हतं. पण खरं कारण नियम नव्हता. दार उघडलं की त्यांना गोधडी दिसेल, हे होतं. नियम मला त्या क्षणी सोयीचा झाला.

"आबा शेतस का घरमा? बोलत काबरं नही?"

मग कडी वाजली. मग आणखी पावलं. शेजारची गुजराती बाई म्हणाली, "अंदर कोई मांदुं छे," आत कोणीतरी आजारी आहे. कोणीतरी हिंदीत ओरडलं, "पीछे हटो, पीछे हटो, हवा लग जाएगी!" मावशी त्याच्यावर खेकसल्या, "तूच मागे सरक मेल्या, पोरगं शे मझार!" मझार म्हणजे आत.

पानाच्या तळाशी चार ओळी उरल्या होत्या आणि त्या बागेतलं एकही फूल मला आठवेना. उठायचं तर उठवत नव्हतं. मग बाहेर जे बोलत होते तेच मी लिहू लागलो. जसं ऐकू येत होतं तसं, अहिराणी, गुजराती, हिंदी, शिवीसकट. चार ओळी भरल्या. पान संपलं. आता दार न उघडायला काही कारण उरलं नाही.

उघडलं तर बाहेर त्या दिवसांत जीप घेऊन गल्लोगल्ली फिरणारी महापालिकेची माणसं उभी होती, तोंडावर जाड फडकी बांधलेली. कोणी बोलावलं ते आजवर मला कळलेलं नाही, आणि ज्याने बोलावलं त्याने बरोबरच केलं असं आता वाटतं. त्यांनी गोधडी बाजूला केली, आबांच्या कपाळाला हात लावला आणि एकमेकांकडे पाहिलं. माझाही ताप पाहिला. तो नव्हता. मला कॅप्सूलचं पाकीट दिलं. आबांना धरून जीपकडे नेलं. दोन्ही बाजूंची दारं रिकामी झाली होती, सगळे भिंतीला चिकटून उभे. मावशी तेवढ्या हलल्या नाहीत. आबा त्यांना म्हणाले, "पोऱ्याले जेवाले दी ज्या." जीप गेली.

सरकारी दवाखान्यात त्या वॉर्डचं दार बंद होतं. लोखंडी जाळी, तिच्याआड लाकडी दार. नातेवाइकांनी जाळीच्या बाहेरच थांबायचं. थुंकी आणि रक्त तपासायला गेलंय, रिपोर्ट आल्याशिवाय कोणाला भेटता येणार नाही, एवढंच सांगत. रिपोर्ट कधी येणार हे कोणी सांगत नव्हतं. दार उघडायचं तेव्हा आतून कोणी चालत येई, कोणाला झाकून आणत. दार करकरलं की आम्ही सगळे एकदम उठायचो आणि झाकलेल्या माणसाचे पाय बघायचो. आबांच्या पायाच्या नखांत निळा रंग मुरलेला आहे, तो कधीच जात नाही. मी निळा रंग शोधायचो आणि नाही दिसला की खाली बसायचो. दुसऱ्याचं कोणी गेलं आणि मला हायसं वाटलं, याचीही मला भीती वाटायची.

मावशी डबा घेऊन रोज येत. तोंडाला पदर आणि हातात भाकरी. "खाय," म्हणायच्या, "नहीतर तुले बी मझार घालतीन." कडीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

बसून बसून मला ते चालत चालत वाक्यं जुळवणारे लेखक आठवले. माझ्याकडे ना कागद होता ना दार. मी जाळीपासून लिंबाच्या झाडापर्यंत चालायचो आणि मनात एकेक वाक्य करायचो. आबांच्या नखांवर एक. तंबाखू या गालातून त्या गालात जाते त्यावर एक. ट्रकच्या फळीवरून वाकलेल्या मायवर एक. वाक्य नीट बसेपर्यंत तेवढा वेळ भीती जरा बाजूला सरकायची. बसलं की परत यायची, मग मी पुढचं वाक्य धरायचो. गुलमोहर एकदाही आला नाही.

पुढे ते पान वाचनालयाच्या काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी वरचं सगळं भराभर वाचलं आणि तळाशी थांबले. त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. म्हणाले, "हे कोण बोलतंय?" मी म्हणालो, "आमची चाळ." ते म्हणाले, "मग वरचा तो आरामखुर्चीतला कोण? त्याला उठव आता." पण हे खूप नंतरचं. त्या दिवसांत मला चार ओळींचं भानही नव्हतं. मला फक्त ते दार दिसत होतं आणि आबांचं बोलणं आठवत होतं, वेळ होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. वेळ झाली हे कोणाला कळतं, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

एका दुपारी दार करकरलं. आम्ही उठलो. या वेळी कोणाला झाकून आणलं नव्हतं. एक वॉर्डबॉय होता, फडकं गळ्यात खाली ओढलेलं. त्याने आबांचं नाव घेतलं. माझ्याआधी मावशींनीच हात वर केला.

तो म्हणाला, "मलेरिया निकला है. सादा मलेरिया. कल छुट्टी."

मी अजून त्याच्या मागच्या दाराकडेच बघत होतो. त्याला वाटलं मला कळलं नाही. तो जाळीजवळ आला आणि हळू म्हणाला, "तेरे बाप ने बोला है, लड़के को बोल, झाकन खुल गया, डाग नहीं पड़ा."