कपाच्या तळावर कुणाचं नाव?

मंडळी, आत्ताच इथल्या, इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या पॉटरी क्लासमधून घरी आलेय आणि डोक्यात एक किडा वळवळतोय.

आमच्या स्टुडिओत चीनहून लिन नावाची आर्टिस्ट रेसिडेन्सीवर, म्हणजे काही दिवस इथेच राहून काम करायला आलीय. आज तिचा पहिला दिवस. तिने आमची चाकं पाहिली आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

कोण बाकीचे? तर तिच्या गावात एक जण कप घडवतो, दुसरा तो तासून पातळ करतो, तिसरा रंगवतो. ती फक्त तासते.

"इथे आम्ही सगळं एकेकटेच करतो," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"कंटाळा नाही येत?"

मग तिने माझा गेल्या आठवड्यातला अर्धवट वाळलेला, जाडजूड कप चाकावर उलटा ठेवला आणि असा तासला, की हातात घेतल्यावर अंड्याचं रिकामं कवच वाटावं.

भट्टीत जाण्याआधी तळावर आपलं नाव कोरायचं, हा आमचा नियम. मी 'मीनल' कोरायला गेले आणि हात अडला. आता हा कप माझ्या एकटीचा कुठे राहिला?

तेव्हा घरातला स्टीलचा डबा आठवला. लग्नात मिळालेला, दुकानातूनच नाव घालून आणलेला: 'मीनलला आत्याकडून'. मग मी तसंच कोरलं, 'मीनलला लिनकडून', आणि तिला अर्थ सांगितला.

लिन खूश झाली. कप हातात फिरवत म्हणाली, "आणि माती कुणाकडून?"

तळावर अजून बोटभर जागा आहे. सांगा, काय कोरू?