पावणेदोनचं रॉकेट

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी बसस्टँडवर किती भजी खाल्ली हे जिला घरबसल्या कळतं, तिच्यापासून तीन वर्षं एखादी गोष्ट दडवून ठेवायची म्हणजे काय, ते तुमचं तुम्ही समजून घ्या. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही चिखलीचे नाही. निदान नसाल अशी आशा करतो.

आधी जरा माझ्याबद्दल. चिखलीत माझं डिश अँटेना आणि रिचार्जचं दुकान आहे. गच्चीवर चढायचं, छत्री बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवायची, खालून कुणीतरी ओरडतं, "आलं, आलं... गेलं!" — यातच माझी उमर गेली. पण ही छत्री आपण नेमकी कुणाकडे तोंड करून लावतो? वर आहे तरी काय? या एका प्रश्नानं माझं वाटोळं केलं. शोधता शोधता मी रशियन रॉकेटांपाशी पोचलो आणि तिथंच मुक्काम ठोकला. रशियनच का? कारण बाकीच्यांबद्दल शाळकरी पोरंसुद्धा मला शिकवायची. बैकानूर, प्लेसेत्स्क, वस्तोच्नी ही उड्डाणतळांची नावं मात्र गावात मी एकटा घ्यायचो. चुकीची घेतली तरी धरणारा कोण होता?

दुकानाबाहेर एक काळा फळा लावला होता. मार्केटात सोयाबीन-तुरीचे भाव लिहितात ना, तसा. त्यावर मी लिहायचो — पुढचं रॉकेट: सोयुझ. कुठून, कधी, किती वाजता. अंतराळ स्थानकाला रसद नेणारं यान असलं की खाली: "माल – इंधन, पाणी, किराणा." लोक हसायचे. "काय रॉकेटराव, आज कोनतं उडून राह्यलं बे?" मी वरून चिडायचो. आतून — खोटं कशाला बोलू — छाती फुगायची.

न हसणारा एकच माणूस होता. एकनाथभाऊ. जवळच्या खेड्यात वांगी-मेथी करतात, बाजाराच्या दिवशी माल घेऊन येतात. टोपली खाली ठेवून फळा वाचायचे, एकेक अक्षर लावून. कारण त्यांची मुलगी वैशाली रशियात शिकत होती, आणि तिच्या कॉलेजच्या पोरांनी एक उपग्रह केला होता. जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या अँटेनाचं काम हिचं. एसटीच्या टपावर टोपली जाते तसा तो एका मोठ्या उपग्रहाच्या सोबतीनं सोयुझवरून जाणार होता. अँटेना! म्हणजे पोरगी माझ्याच धंद्यातली निघाली. मी तर गावभर सांगत सुटलो.

एक दिवस तिचा मला फोन. उड्डाणाच्या वेळी कॉलेजच्या हॉलमधून थेट प्रक्षेपण होणार होतं. त्यात प्रत्येकाला आपापल्या भाषेत घरच्यांशी अर्धा मिनिट बोलायला मिळणार. ते ऐकून आबांनी, म्हणजे एकनाथभाऊंनी, फक्त एक मिस्ड कॉल द्यायचा. ती फोन कॅमेऱ्यासमोर धरणार. ती बुलडाण्याला होस्टेलवर होती तेव्हापासूनची त्यांची ही पद्धत — उचलायचं नाही, बोलायचं नाही, एक रिंग म्हणजे आबा आहेत.

"काका, वेळ मागंपुढं होत राहते. तुम्ही रोज पाहताच. आबाले तुम्हीच सांगा, तुमच्याच टीव्हीवर दाखवा," ती म्हणाली. शाळेतल्या एकाही बक्षिसाला आबा आले नाहीत, बाजार असायचा, हे ती हसत हसत सांगत होती. मग म्हणाली, "या वेळेस मात्र..." आणि तेव्हा हसली नाही.

आता सांगतो. नाही, आधी घड्याळाचं सांगतो.

मॉस्कोच्या वेळेत अडीच तास मिळवले की आपली वेळ येते. वर्षानुवर्षं मी हेच करत आलोय. वेबसाइटवर मॉस्कोची वेळ पाहायची, अडीच मिळवायचे, फळ्यावर लिहायचं. त्या महिन्यात मी नवा फोन घेतला होता. त्यावर ती वेबसाइट वेळ आपोआप भारताची करून दाखवत होती, आणि खाली बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. गिऱ्हाइकांना मी रोज दटावतो, रिमोटमागचं बारीक अक्षर वाचत जा म्हणून. मी स्वतः वाचलं का? पावणेदोन दिसलं. त्यात अडीच मिळवले. झाले सव्वाचार. खडूनं ठळक लिहिलं, खाली रेघ मारली.

त्या दिवशी एकनाथभाऊ एक वाजताच आले. धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. "सुरू कर ना टीव्ही," म्हणाले. मी हसलो. हो, हसलो. "भाऊ, अजून तीन तास हायेत. रॉकेट हाय ते, काळीपिवळी नाही, माणसं भरली की सुटाले. जा, मार्केटात चक्कर मारून या."

ते गेले. माझ्या सांगण्यावरून गेले, हे लक्षात ठेवा. पावणेदोन वाजता मी त्याच टीव्हीवर क्रिकेट पाहत होतो.

चारला दुकानात दहा-बारा माणसं जमली. भाऊ पुढच्या स्टुलावर, फोन मुठीत. मी वेबसाइट उघडली. तिथं लिहिलं होतं — उड्डाण यशस्वी. सव्वादोन तासांपूर्वी.

तुम्ही काय केलं असतं? मी सांगतो मी काय केलं. मान वर केली आणि म्हणालो, "ढकललं पुढं. तिकडं हवा खराब हाय." मागून कुणीतरी म्हणालं, "रॉकेट बी आपल्या एसटीवानीच निघालं!" सगळे खदखदले, मीही. भाऊंनी पुडा पिशवीत घातला. "उद्या आणतो," म्हणाले.

पण हे ते नव्हे. एवढंच असतं तर मी केव्हाच चारचौघांत सांगून टाळ्या घेतल्या असत्या. माझ्या फजित्या मी विकून खातो, हे चिखलीत सगळ्यांना ठाऊक आहे. मग हीच का नाही सांगितली?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले, फोन कानाला. संध्याकाळी पोरीशी बोलणं झालं होतं. ती म्हणाली गेलं, हे म्हणाले गेलंच नाही. तिला वाटलं, आबा बाजारात रमले आणि आता सबब सांगतात. भाऊंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. साक्षीदाराकडं यावं तसे ते माझ्याकडं आले होते. स्पीकर लावला, फोन काउंटरवर ठेवला. "हे पाय, रॉकेटरावच सांगते तुले. सांग बा हिले."

काउंटरपाशी तीन जण चहा पीत उभे होते. फळा बाहेर, सव्वाचार अजून तसंच. मला एवढंच म्हणायचं होतं — बाई, माझी चूक झाली.

"काका, तुम्ही त्याईले वेळ सांगितली होती ना?"

"सांगितली होती बाई," मी म्हणालो. "पावणेदोन. आबा मार्केटात अडकले असतील."

भाऊ माझ्याकडं पाहत होते. फळ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरतो. ते फोनवर वाकले आणि म्हणाले, "हाव माय. मीच इसरलो. मेथीचा हर्रास लांबला."

"तुमचं नेहमीचंच आहे आबा," ती म्हणाली. आणि फोन बंद.

भाऊंनी पिशवीतून पुडा काढून माझ्या काउंटरवर ठेवला. "खराब होतीन. खाऊन घ्या."

ते प्रक्षेपण नंतर मी पाहिलं. वैशाली मराठीत बोलते. मग फोनकडं पाहते. रशियन पोरं टाळ्या वाजवतात, मागच्या पडद्यावर रॉकेट चढत जातं, आणि ही फोनकडंच पाहते आहे. भाऊंना मी ते कधी दाखवलं नाही. कोपऱ्यात वेळ दिसते.

तिचा तो डब्याएवढा उपग्रह मी तेव्हापासून रोज फोनवर पाहतो. कुठल्या समुद्रावर आहे, आपल्या जिल्ह्यावरून कधी जातोय. जेवताना, गच्चीवर छत्री धरलेली असताना. गेल्या उन्हाळ्यात तो खाली येऊन जळून गेला. माझं पाहणं काही थांबत नाही. नसलेली वस्तू कशी पाहायची? पाहतो.

परवा बाजार होता. भाऊंनी टोपली खाली ठेवली, फळा वाचला. "आपलं फिरून राह्यलं ना?"

"हाव," मी म्हणालो.

वैशाली आता तिकडंच नोकरीला आहे. सणावाराला फोन येतो, असं भाऊ सांगतात.

मी वेळ सव्वाचार सांगितली होती. ते एक वाजता आले होते.