पाळण्यात टिकेल अशी कानटोपी

जपानला जाण्याआधी मी कोरमंगलातल्या एका दुकानात गरम कपडे घ्यायला गेले होते. तिथे साठी उलटलेली एक बाई जाडजूड कोट घालून आरशासमोर उभी होती. घामाघूम झाली होती, तरी डोक्यावर कानटोपी चढवून जोरजोरात मान हलवत होती.

"आई, हे काय करतेस?" मुलाने विचारलं.

"पाळण्यात टोपी उडती काय बघते की."

"तू त्या रोलर कोस्टरच्या पाळण्यात? जपानात थंडी असते. तू पार्कात बाकावर बस, आम्ही जाऊन येतो."

"बाकावर बसायला जपान कशाला पाहिजे?"

"भीती वाटेल, आई."

"वाटू दे की! त्यासाठीच तर बसायचं असतंय."

मुलाला हसू आलं. त्याने हनुवटीखाली बांधायची टोपी शोधून आणली आणि स्वतःच्या हाताने तिला बांधली. तिने पुन्हा मान हलवून पाहिली आणि म्हणाली, "सरी! आता बरोबर बसली."

मला रोलर कोस्टरची लहानपणापासून धास्ती. पण त्या हिवाळ्यात ओसाकाच्या पार्कात मी कुडकुडत लेकीबरोबर रांगेत उभी राहिले. खाली येताना इतकी किंचाळले, की लेकच घाबरली. उतरल्यावर मी तिला म्हटलं, "चल, परत एकदा."