त्वचेसमोरची लाल खूण

दादाने हदगावहून बाटलीवरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'नवीन औषध हाय. आज कापसावर मारून राहिलो. बघून ठेव.' फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. या शब्दाचा मला मनापासून राग आहे.

मी नांदेडला रसायनांचा विषारीपणा संगणकावर ताडून पाहण्याचं काम करते. रेणूची रचना भरली की मॉडेल ती आधी तपासलेल्या विषांशी जुळवून बघतं आणि अंदाज सांगतं. चिठ्ठीवरच्या रसायनाची रचना भरली. श्वासातून धोका कमी आला. मी उठणार तोच पडद्यावर 'त्वचा' या शब्दासमोर लाल खूण उमटली. कातडीतून सहज आत, तिथून मज्जातंतूंवर.

हा नुसता अंदाज असतो, निकाल नव्हे, असं मीच विद्यार्थ्यांना बजावत असते. त्या क्षणी सगळा शहाणपणा पळाला. दादाला फोन लावला तर नुसती रिंग. फवारताना हा माणूस फोन बांधावर टाकून देतो. वहिनीही उचलेना. मिळेल ती एसटी पकडली. अर्धापूरला ड्रायव्हर निवांत चहाला उतरला, तेव्हा त्याची कॉलर धरून त्याला परत आणावंसं वाटलं.

शेतात पोचले तर दादा पाठीवर पंप घेऊन उभा. चष्मा, मास्क, हातमोजे, गमबूट, सगळं अंगावर. हे सगळं मीच भांडून घ्यायला लावलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"अंगावर कुठं उडालं का रे?"

"न्हाई गं माय. तूच तर मला असं गुंडाळून ठेवलंस," तो हसला आणि बांधाकडे वळून ओरडला, "झालं का गं कालवून?"

मी तिकडे पाहिलं. वहिनी पाण्याच्या ड्रमशी बसली होती. बांगड्या वर सारलेल्या, उघडा हात कोपरापर्यंत त्या पांढऱ्या पाण्यात. मी धावले, तिचा हात ओढून बाहेर काढला आणि साबणाने खसाखसा धुवायला लागले. मला रडू फुटत होतं.

"काठीनं ढवळलं की गुठळ्या राहत्यात," ती ओशाळून म्हणाली. "अन् फवारतात तर हे. मी नुसतं कालवून देते, ताई. लगीन झाल्यापासून मीच देते."

दादाने चष्मा काढला.

"काही होत न्हाई," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "बोटांना मुंग्या येत्यात, तेवढंच. त्या तर लई दिवसांपासून हायेत."