तोंडी परीक्षेची जोडी

सिस्टर पहिल्यांदा जर्मनच्या वर्गात आली तेव्हा लिफ्टवाला खुर्चीवरून पडला. एकटा पडला असता तर निभावलं असतं. खुर्ची, पिशवी, पाण्याची बाटली आणि शेजारचे निवृत्त बँकवाले काका, एवढा सगळा संसार घेऊन पडला. लिफ्ट दुरुस्त करताना बाराव्या मजल्याच्या पोकळीत लोंबकळत शीळ घालणारा गडी सपाट फरशीवर भुईसपाट. नर्सच ती, तिनं आधी काकांची नाडी पाहिली.

कंपनीच्या लिफ्ट जर्मन, म्हणून कंपनीनं त्याला वर्गात धाडलेलं. तिला जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी हवी होती. तोंडी परीक्षा जोडीनं द्यायची असते. चिठ्ठीत येईल तो बेत दोघांनी जर्मनमधून ठरवायचा. बाईंनी या दोघांची जोडी लावली आणि लिफ्टवाल्याची भूकच गेली.

त्याचं इंग्रजी फर्डं. त्यामुळे उद्याचं काही बोलायचं झालं की 'विल'चा जर्मन भाऊ 'वेर्डन' तो वाक्यावाक्यात घुसडायचा.

"अरे, जर्मनमध्ये 'उद्या' म्हटलंस की साधा वर्तमानकाळ पुरतो," बाई म्हणायच्या. "आपणही 'उद्या येतो' म्हणतोच की. तू 'वेर्डन' लावलंस की एक तर शपथ घेतोयस असं वाटतं, नाहीतर अंदाज बांधतोयस."

"याचं सगळंच अंदाजपंचे चालतं, बाई," सिस्टर म्हणाली.

मग तिच्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये सराव सुरू झाला. चहा पितापिता दोघं जर्मनमधूनच सिनेमाला गेली, कुणाकुणाचे वाढदिवस करून आली. 'शनिवारी आपण डोंगरावर जातो,' असं सिस्टरनं जर्मनमधून ठोकून दिलं की लिफ्टवाल्याचे पाय खरोखर दुखायला लागत.

"कुठं असतोस रे हल्ली?" आई विचारी.

"डोंगरावर."

परीक्षेत तळ्यावरच्या सहलीची चिठ्ठी आली. एकदाही 'वेर्डन' न लावता त्यानं बस, डबे, छत्री, सगळं ठरवलं. परीक्षकही खूश झाले.

बाहेर जिन्यात त्यानं आपल्या भाषेत विचारलं, "रविवारी तळ्यावर येशील?"

"कुठल्या तळ्यावर?"

"कुठल्याही."

एरवी अशा उत्तरावर ती खिदळली असती. "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे रे. तो तिकडेच असतो. तुला सांगणारच होते, पण सराव छान चालला होता. म्हटलं, परीक्षेआधी तू बिघडायचास."

"मी कसला बिघडतोय? मी दुरुस्ती खात्यातला," तो म्हणाला, आणि कठड्याचा स्क्रू सैल आहे का ते बराच वेळ बघत राहिला.

दोघंही पास झाली. सिस्टर लग्न करून गेली. लिफ्टवाल्याला कंपनीनं जर्मनीला कधीच पाठवलं नाही.