जप्त केलेली राख

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत मधे बोलू नका. मी एकदा एका माणसाची राख जप्त केली होती. होय, चितेची राख. गाडग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून, लाख लावून, चावडीत कुलपात.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. वंशपरंपरेची पाटीलकी गेली आणि सरकार अर्ज मागवून पोलीस पाटील नेमायला लागलं. तासगाव तालुक्यातल्या आमच्या येरळाकाठच्या गावात अर्ज करणारा मॅट्रिक मी एकटाच, त्यामुळे काठी माझ्या हातात आली. मग आम्हा नव्या पाटलांना तालुक्याला बोलावून एका साहेबांनी भाषण दिलं. साहेब म्हणाले, विलायतेत दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्याशिवाय प्रेताला अग्नी देता येत नाही. आणि आपल्याकडे? सकाळी गेला, दुपारी राख. पुरलेलं प्रेत उकरून तपासता येतं, जळालेल्याचं काय तपासणार? तेव्हा जाळायची घाई दिसली की पाटलानं सावध व्हावं, राखेवर नजर ठेवावी, आणि तपासाची कुठंही वाच्यता करू नये.

हे शेवटचं मी जरा जास्तच मनावर घेतलं.

आमच्या गावात हवालदारआण्णा होते. फौजेतून परत आलेले, एका पायानं लंगडणारे. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि सोनाकाकू, शेजारी पुतण्या भीमा. आण्णा संध्याकाळी पारावर बसून लढाईच्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या निम्म्या थापा, असं माझं मत होतं, आणि मत असलं की मी ते मनात ठेवत नसे.

एक दिवस पहाटे आण्णांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मी बाजारला गेलो होतो. परत आलो तोवर भीमानं अग्नीही दिला होता. आता बघा हं. भीमाचं आणि आण्णांचं बांधावरून बोलणं बंद. डॉक्टर आला नाही. पाटलाला विचारलं नाही. माझ्या डोक्यात विलायतेचे ते दोन डॉक्टर उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सावडायला सगळा गाव नदीवर. भीमानं निवद ठेवला, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आण्णांची विडी. बंदोबस्त म्हणून मी काठी घेऊन निवदापाशीच उभा राहिलो. कावळा समोर बाभळीवर बसून होता, खाली येईना. लोक कुजबुजायला लागले, आण्णांची काहीतरी इच्छा राहिली. मला मात्र वाटलं, आण्णा बाभळीवरून मलाच खूण करतायत.

राख गोळा करायला मी पण बसलो. आणि माझ्या बोटाला लोखंड लागलं. बोटाच्या पेराएवढं, तिकोनी, एका बाजूला धार असलेलं. मी ते गुपचूप रुमालात बांधलं आणि उठून म्हणालो, "ही राख कृष्णेला जाणार नाही. सरकारजमा."

"आवं पाटील, का वो?" भीमा म्हणाला.

"कारण सांगता येत नाही."

कारण सांगितलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण वाच्यता करायची नव्हती ना!

दुपारी मी चहाच्या निमित्तानं भीमाच्या घरी गेलो. चहा घेता घेता नजर फिरवली, तर गोठ्याच्या कुडाला खोचलेला विळा. विळ्याचं टोक मोडलेलं. मी बशी तशीच खाली ठेवली. लगेच विळा जप्त केला, मजकूर झाकून पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेतल्या आणि तासगावला निरोप धाडला. फौजदार यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन्ही रात्री मला अभिमानानं झोप आली नाही.

तिकडे सोनाकाकू रोज चावडीच्या पायरीवर येऊन बसायची. "दिनकरा, गाडगं कवा देनार रं? त्येंला पान्यात सोडू दे की." मी तिच्याकडे न बघता म्हणायचो, "काकू, तपास चालू आहे." ती कुलपाकडे बघत राहायची. हे आठवलं की अजून चहा कडू लागतो मला.

मग फौजदार आले. चावडीसमोर गाव लोटला. भीमा एका कोपऱ्यात, भिंतीसारखा पांढरा पडलेला. मी रुबाबात रुमाल सोडला. टोक विळ्याला लावून बघितलं तर बसेना, तरी मी म्हणालो, आगीत वाकलं असेल. फौजदारांनी सोनाकाकूला बोलावलं आणि ते लोखंड तिच्या हातावर ठेवलं.

"ही वस्तू ओळखता?"

काकूनं ते अंगठ्यानं पुसलं. आधी आमच्याशी नाही, त्या लोखंडाशीच बोलली. "आलीस व्हय बाहीर?"

"काय आहे ते?"

"कपची हाय सायेब, बाँबगोळ्याची. लढाईत मांडीत घुसलेली. काडली आस्ती तर पाय गेला आस्ता म्हनं, म्हनून तितंच ठिवली डाक्टरनं. थंडीत लय ठनकायची. म्या रोज त्याल चोळायची."

"हे गावात कुणाला माहीत होतं?"

दारातून सगळ्यांनी एकदम सांगितलं, "समद्यास्नी."

काकू माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दिनकरा, तूच न्हवं का पारावर म्हनलास, आण्णा गाडीतनं पडून लंगडत्यात, लोकंड आंगात ठिवून मानूस जगत न्हाई? समदा पार हासला. लय लागलं रं त्येंला. त्या दिसापास्नं कुनाला कपचीचं सांगितलं न्हाई. मला म्हनायचं, म्या जळल्यावर कपची निगंल, ती पयली दिनकरला दाव."

फौजदारांनी माझा पंचनामा नीट वाचून काढला, घडी घातली आणि म्हणाले, "पाटील, काम चोख आहे. पंच आहेत, सह्या आहेत, मोहोर आहे. हवालदार खरं बोलत होते हे आता कोणी नाकारू शकत नाही."

मला मान वर करता येईना. माणूस रोज समोर लंगडत होता आणि त्याचा पाय कधी मी धड बघितला नव्हता. त्याची राख तेवढी चाळून काढली.

दुसऱ्या दिवशी कृष्णेला न्यायच्या आधी राख आमच्या नदीवर नेली, निवद पुन्हा ठेवला. कावळा बाभळीवर. भीमा हात जोडून म्हणाला, "काकीला अंतर देनार न्हाई. बांध बी सोडला." कावळा येईना. मग सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मी पुढं झालो, निवदापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आण्णा, कपची खरी होती. चुकलो मी." बोलता बोलता डोळ्यांतून पाणी आलं. आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

कावळा जागचा हलला नाही.

मी आणखी जवळ सरकलो, आणखी मोठ्यानं माफी मागितली. काही नाही. शेवटी सोनाकाकू कंटाळली.

"दिनकरा, त्यो कावळा तुज्या काठीला भ्यालाय. सर की बाजूला."

मी सरलो. कावळा खाली उतरला, विडी बाजूला सारली आणि भाकरी घेऊन उडाला. सावडायच्या दिवशीही मी तिथंच, तशीच काठी घेऊन उभा होतो.